काजळी, काजळ आणि मस : औषधवाहक कार्बनाचा एक पूर्वेतिहास

इ. स. २००२ मध्ये 'नॅनो लेटर्स' या नियतकालिकात एक आटोपशीर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. इस्राएलातील बेन-गुरियन विद्यापीठात राजदीप बंद्योपाध्याय व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या प्रयोगांचा तो वृत्तांत होता. कार्बनाच्या अतिसूक्ष्म नलिका पाण्यात टाकल्या असता त्या एकमेकींस चिकटून त्यांच्या जुड्या बनतात आणि त्या तळाशी बसतात. त्याच पाण्यात अरबी डिंक विरघळविला असता मात्र या नलिका सुट्या होतात आणि दीर्घकाळ पाण्यात पसरलेल्या राहतात, असे या संशोधकांनी दाखवून दिले. बंद्योपाध्याय पुढे मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. नलिकांच्या अंगी औषध चिकटवून ते शरीरातील इष्ट स्थळी पोचविण्याचे जे प्रयत्न पुढील वर्षांत झाले, त्यांतील पहिली अडचण हीच होती. कारण जो पदार्थ पाण्यातच उतरत नाही, तो रक्तात कसा उतरावा?

जुन्या मराठी पोथ्या हाताळणाऱ्या अभ्यासकास हा प्रयोग अपरिचित वाटणार नाही. काजळी हा कार्बनच होय, आणि तिला पाण्यात उतरविण्याकरिता बाभळीचा डिंक घालणे ही शाई करण्याची सर्वपरिचित रीत होती. बाभूळ ही अरबी डिंक देणाऱ्या झाडाचीच नातलग आहे. अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) प्रवरेच्या काठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ती मूळ प्रत आज उपलब्ध नाही. पण तिच्या प्रतींची जी परंपरा पुढे चालली आणि जिच्यातील अपपाठ पाहून एकनाथांना शके १५०६ मध्ये ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली, ती परंपरा मुख्यतः काजळी आणि डिंक यांच्याच आधाराने टिकली.

या साम्याचा अर्थ कसा लावावयाचा, हा प्रश्न आहे. आपल्या पूर्वजांना हे सूक्ष्म विज्ञान अवगतच होते असे म्हणणारा एक पक्ष असतो, आणि हे निव्वळ योगायोग आहेत असे म्हणून विषय मिटविणारा दुसरा. दोहोंनाही पुराव्याकडे पाहण्याची फारशी निकड वाटत नाही. पुरावा मात्र उपलब्ध आहे. त्यातील काही भाग रसायनशाळेत आहे, आणि काही भाग मराठी शब्दांत आहे.

प्रथम शब्द पाहू. मराठीत दिव्याच्या ज्योतीवर धरलेल्या भांड्यास जो काळा थर बसतो, किंवा वातीच्या टोकाशी जे जमते, त्यास काजळी म्हणतात. ही काजळी तुपात वा लोण्यात खलली की तिचे काजळ होते आणि ते डोळ्यांत घालतात. तीच डिंकाच्या पाण्यात घोटली की तिची मस होते आणि ती दौतीत जाते. संस्कृतात हा भेद इतका काटेकोर नाही. शिवमहिम्नस्तोत्रातील प्रसिद्ध कल्पनेत समुद्राच्या पात्रात जी शाई करावयाची तिला कज्जल असेच म्हटले आहे. मराठीने मात्र कज्जलापासून आलेली दोन रूपे प्रत्यय बदलून वेगळी राखली आणि मषी शब्दापासून आलेले तिसरे रूप लेखनाच्या कामास लावले. द्रव्य एकच असून त्यास तीन नावे आहेत, आणि ती ठरतात ती काजळी कशात कालविली आहे यावरून. या भाषेच्या वापरात काळेपणाला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते सोबतच्या द्रव्याला.

आधुनिक रसायनशास्त्राचेही म्हणणे याहून फारसे निराळे नाही. काजळीचे मूळ कण साधारणपणे दहा ते शंभर नॅनोमीटर व्यासाचे असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शतकोट्यंश. हे कण जन्मतःच परस्परांस चिकटून साखळ्या व घोस बनवितात. त्यांचा पृष्ठभाग पाण्यास धरत नाही, तेलातुपास मात्र धरतो. म्हणून काजळ होण्यास तूप पुरते, परंतु मस होण्यास केवळ पाणी पुरत नाही, मध्यस्थ लागतो. बाभूळवर्गीय डिंकाचा रेणू अशी मध्यस्थी करण्यास विशेष योग्य आहे. त्याचा मोठा भाग शर्करांच्या फांद्यांचा असून त्यास प्रथिनाचा एक लहान अंश जोडलेला असतो. हा प्रथिनांश कार्बनाच्या पृष्ठास लगटतो, शर्करांच्या फांद्या पाण्यात पसरतात, आणि असे वेष्टन चढलेले दोन कण जवळ आले तरी फांद्यांच्या अडसरामुळे चिकटू शकत नाहीत.

पश्चिम भारतातील हस्तलिखितांच्या परंपरेत शाईच्या ज्या कृती सांगितल्या आहेत, त्यांत काजळाबरोबर समभाग बोळ आणि दुप्पट डिंक असे प्रमाण आढळते. काही कृतींत माक्याचा रसही पडतो. त्यानंतर सांगितलेले असते ते घोटणे, आणि तेही प्रहरांच्या हिशेबाने. या घोटण्यास आळसाने वा सवयीने लावलेला वेळ समजू नये. चिकटलेले घोस फोडावयाचे आणि फुटलेल्या पृष्ठावर डिंक चढेपर्यंत ते पुन्हा चिकटू द्यावयाचे नाहीत, हे काम हातानेच होत असे. आजच्या प्रयोगशाळेत ते काम ध्वनिकंपनाचे यंत्र करते. शाई करणाऱ्यास कणाचे माप ठाऊक नव्हते आणि रेणू ही कल्पनाही नव्हती. त्याला ठाऊक होते ते एवढेच की कमी घोटलेली शाई बरूतून उतरत नाही आणि तळाशी गाळ धरते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात लेखनक्रियेसाठी एक स्वतंत्र समास खर्च केला आहे, त्यावरून या व्यवहाराची सामान्य प्रतिष्ठा लक्षात येते.

या डिंकाचे बंधन कायमचे नसते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पावसाळ्यात पोथीवर थेंब पडला की अक्षर पसरते. कारण डिंक पुन्हा विरघळतो आणि काजळी सोडून देतो. कार्बनाच्या पृष्ठाशी त्याचे रासायनिक नाते जडलेले नसते, तो केवळ लगटून असतो. याउलट छापखान्याची काळी शाई जवसाच्या तेलात घोटलेली असते. ते तेल हवेत घट्ट होते आणि पाण्यास दाद देत नाही. १८४२ मध्ये अहमदनगर येथे अमेरिकन मिशनऱ्यांनी 'ज्ञानोदय' सुरू केले. त्या काळापासून या प्रदेशातील वाचकांच्या हाती दोन्ही प्रकारची काळी अक्षरे पडू लागली. काजळी दोहोंत होती, पण तिच्या सोबतीस दोन वेगळी नैसर्गिक द्रव्ये होती.

मस हा शब्द मात्र मागे पडला. १४९० मध्ये अहमद निजामशहाने स्वतंत्र सत्ता स्थापिली आणि १६३६ पर्यंत चाललेल्या त्या राजवटीत दरबारी लेखन फार्सीत होत राहिले. हुसेन निजामशहाच्या प्रशस्तीचे 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे सोळाव्या शतकातील सचित्र हस्तलिखित आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. फार्सी 'सियाही' म्हणजे काळेपणा. मराठीत इकार-यकारापूर्वीचा सकार तालव्य होतो, आणि दोन स्वरांमधला हकार गळतो. या दोन नियमांनी 'सियाही'ची 'शाई' झाली. दौत आणि कलम हे शब्द अरबीतून फार्सीमार्गे याच काळात दफ्तरात स्थिरावले. शिवकालीन राजव्यवहारकोशात लेखनवर्ग नावाचा एक निराळा वर्गच करावा लागला, यावरून हा शब्दभार किती होता ते दिसते. शब्दांच्या या अदलाबदलीत एक सूक्ष्म भेद लोपला. 'मस' ही एका विशिष्ट मिश्रणाचे नाव होती. 'शाई' हे मुळात रंगाचे नाव. आणि एकदा रंगाचा मूळ अर्थ विसरला गेल्यावर लाल शाई, निळी शाई म्हणण्यासही भाषेला अडचण उरली नाही.

जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या रानात हिरडा व धावडा हे दोन वृक्ष आहेत. धावड्याचा डिंक व्यापारात आजही 'घाटी' याच नावाने ओळखला जातो. तो घाट उतरून बंदरांवर जात असे. बाळहिरडा गोळा करून विकणे हे तेथील महादेव कोळी कुटुंबांच्या उत्पन्नाचे एक साधन आहे. हिरड्यातील तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, लोहाच्या क्षाराशी मिळाले की काळे होते आणि त्याचीही शाई बनते. पण त्या शाईत काजळी मुळीच नसते, आणि कालांतराने ती कागद खाते. त्याच वर्गातील टॅनिक आम्ल कार्बन नलिकांच्या पृष्ठास चिकटून त्यांना पाण्यात तोलून धरते, असे लिन व शिंग या संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले. तत्पूर्वी, २००७ मध्ये, नदीच्या पाण्यातील कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे अंशही हे काम करतात असे आढळून आले होते. म्हणजे कार्बनास पाण्यात उतरविणारे नैसर्गिक रेणू दुर्मिळ नाहीत.

येथवर जे पाहिले ते लेखनाचे झाले. औषधाची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि ती वेगळी राखली पाहिजे.

आयुर्वेदात नेत्ररोगांवरील अंजनांचा विचार सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आला आहे. तेथे अंजनाच्या तीन प्रकारांपैकी एकाचे नाव 'लेखन' असे आहे. लिख् धातूचा मूळ अर्थ खरवडणे हा होय. ताडपत्रावर टोकाने ओरखडा काढणे आणि डोळ्यातील दोष खरवडून काढणे या दोन्ही क्रिया एकाच शब्दात बसतात. काजळीचे दोन्ही उपयोग असे एका धातूपाशी येऊन मिळतात, ही भाषेच्या इतिहासातील मौजेची गोष्ट आहे. परंतु तिच्यावरून औषधाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे होईल. कारण शास्त्रग्रंथांतील सौवीरांजन, स्रोतोंजन इत्यादी अंजने ही खनिजे आहेत, काजळी नव्हे. रसशास्त्रातील 'कज्जली' तर पारा व गंधक यांच्या खलाने होणारे काळे चूर्ण आहे. तिला हे नाव केवळ काजळासारखी दिसते म्हणून मिळाले आणि तिच्यात कार्बनाचा संबंध नाही. नाव सारखे म्हणून द्रव्य सारखे मानण्याची चूक आजच्या उत्साही लेखनात वारंवार होते. कार्बन खरोखर असतो तो 'मषी' नामक कल्पांत. उदाहरणार्थ, मोराचे पीस जाळून केलेली मषी उचकीवर मधातून देतात.

या 'मधातून' शब्दापाशी मात्र थांबले पाहिजे. अहमदनगर येथे १९१७ मध्ये आयुर्वेद महाविद्यालय स्थापन करणारे वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांचा 'आयुर्वेदीय औषधीगुणधर्मशास्त्र' हा मराठी ग्रंथ वैद्यांच्या पिढ्यांनी वापरला आहे. अशा ग्रंथांत औषधाबरोबर अनुपानाचाही विचार असतो. तेच औषध तुपातून दिले तर एक कार्य, मधातून दिले तर दुसरे, ही त्यामागील भूमिका होय. मधाला चरकसंहितेत योगवाही म्हटले आहे. ज्याच्याशी योग होईल त्याचे गुण वाहून नेणारा, असा त्याचा अर्थ. त्याच संहितेत संस्कार या संज्ञेचा अर्थ द्रव्याच्या ठायी दुसरे गुण उत्पन्न करणे असा सांगितला आहे. औषधाचे द्रव्य, त्यावरील संस्कार आणि त्याचा वाहक या तीन कल्पना येथे निरनिराळ्या केलेल्या आहेत. ही विचाराची चौकट मोलाची आहे. तिच्यातील प्रत्येक कल्प गुणकारी आहे, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे.

लेखन आणि औषध यांत मूलभूत विरोध आहे तो असा. शाई करणाऱ्यास काजळी धरून ठेवावयाची असते; डिंक सुटला तर त्याचे काम बिघडले. वैद्यास मात्र वाहकाने औषध धरावे आणि योग्य स्थळी सोडावे अशी अपेक्षा असते. कार्बन धरण्यात निष्णात आहे, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. पोटात गेलेले विष शोषून घेण्याकरिता डॉक्टर सक्रिय कोळसा देतात ते याच गुणामुळे. सोडण्याची युक्ती त्याला शिकवावी लागते, आणि गेल्या दोन-अडीच दशकांतील संशोधनाचा बराच भाग या एका प्रश्नावर खर्च झाला आहे.

त्या संशोधनाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगता येईल. १९८५ मध्ये क्रोटो, स्मॉली व कर्ल यांना साठ कार्बन अणूंचा पोकळ गोल आढळला. १९९१ मध्ये जपानात ईजिमा यांनी विजेच्या ठिणगीने झालेल्या कार्बनाच्या निक्षेपात नलिका पाहिल्या. २००४ मध्ये गाइम व नोव्होसेलॉव्ह यांनी एका अणूच्या जाडीचा पापुद्रा, ग्राफीन, वेगळा केला. महाराष्ट्रात मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये महेश्वर शरण व त्यांच्या सहकाऱ्यांनी कापूर जाळून सूक्ष्म कार्बन मिळविण्याचा मार्ग धरला. कापरापासून मिळालेल्या सच्छिद्र कार्बनमण्यांविषयीचा त्यांचा निबंध १९९८ मधील आहे, आणि त्यात ईजिमांचेही नाव सहलेखक म्हणून आहे. २००७ मध्ये तर मेणबत्तीची साधी काजळी नत्राम्लात उकळून तिच्यापासून प्रकाश देणारे कण मिळविण्यात आले. आम्लामुळे कणाच्या पृष्ठावर ऑक्सिजनयुक्त गट रासायनिक बंधाने जडतात आणि कण आपोआप पाण्यात उतरतो. डिंकाचे लगटणे आणि आम्लाचे हे जडणे हे पृष्ठसंस्काराचे दोन मुख्य प्रकार होत. दुसरा अधिक पक्का असतो, पण त्यात कार्बनाच्या जाळीची मोडतोड होते.

औषध लादण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध स्वतः एका मृत्तिकाजंतूपासून मिळालेले नैसर्गिक द्रव्य असून त्याच्या रेणूचा मोठा भाग सपाट असतो. नलिकेचा पृष्ठही कार्बनाच्या सपाट कड्यांचा असल्यामुळे तो रेणू तिच्यावर चपखल बसतो. आम्लता वाढली की औषधाच्या रेणूवर विद्युत्भार येतो, त्याचा ओढा पाण्याकडे वाढतो, आणि तो सुटू लागतो. अर्बुदाच्या आसपास व पेशीच्या आतील पुटिकांत आम्लता रक्तापेक्षा अधिक असते, म्हणून तेथे औषध सुटावे ही अपेक्षा. चीनमधील संशोधकांनी २००९ मध्ये नलिकेवर कायटोसॅन आणि अल्जिनेट यांचे वेष्टन चढवून, त्यास फॉलिक आम्ल जोडून, हे औषध कर्कपेशींपर्यंत नेल्याचे प्रसिद्ध केले. कायटोसॅन कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळते, अल्जिनेट समुद्रशेवाळापासून, आणि फॉलिक आम्ल हे एक जीवनसत्त्व आहे.

हे प्रयोग मुख्यतः पेशींवर व प्राण्यांवर झालेले आहेत. कार्बन नलिकांवर लादलेले एकही औषध अद्याप सर्वसामान्य उपचारात आलेले नाही, आणि त्यास कारण आहे. २००८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत लांब व ताठ नलिकांनी उदरपोकळीच्या आवरणात ॲस्बेस्टॉससारखा दाह उत्पन्न केल्याचे आढळले. वेष्टन नैसर्गिक आहे म्हणून आतील पदार्थ निर्धोक ठरत नाही. वेष्टनही नेहमी निर्धोक असतेच असे नाही. आतड्यातील गाठीची जागा शस्त्रक्रियेपूर्वी खुणावून ठेवण्याकरिता दुर्बिणीतून 'इंडिया इंक' टोचण्याची पद्धत होती. काही रुग्णांत त्यामुळे दाह व गळू झाले, आणि त्याचा दोष शाईतील लाख, सरस इत्यादी साहाय्यक द्रव्यांकडे गेला. पुढे त्याकरिता शुद्ध कार्बनकणांचे निर्जंतुक द्रावण वापरात आले. चीनमध्ये लसिकाग्रंथी ओळखण्यासाठी सूक्ष्म कार्बनाचे टोचणे शस्त्रवैद्य वापरतात. तेही औषध नव्हे, खूणच. वैद्यकात सूक्ष्म कार्बनाने आजवर जे निश्चित स्थान मिळविले आहे ते असे शाईचेच आहे.

उरतो तो अखेरचा प्रश्न : काम झाल्यावर हा वाहक कोठे जातो? अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातील ठाकर व महादेव कोळी वृद्ध स्त्रियांच्या हातावर, कपाळावर जे गोंदण दिसते, ते काजळी पाण्यात किंवा एखाद्या पाल्याच्या रसात कालवून सुईने टोचलेले असते. पाला विरून जातो, काजळी आयुष्यभर राहते. ती कशी राहते याचा उलगडा २०१८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवर केला. त्वचेतील भक्षकपेशी रंगाचे कण गिळून बसतात. पेशी मरते तेव्हा कण मोकळे होतात, आणि नवी भक्षकपेशी त्यांना पुन्हा उचलते. कण तेच राहतात, धरणाऱ्या पेशी बदलत जातात. गोंदणास हे मानवते, कारण त्यास राहावयाचेच असते. औषधवाहकाच्या बाबतीत मात्र हीच गोष्ट दोष ठरेल. २०१० मध्ये केगन आदी संशोधकांनी दाखविले की श्वेतपेशींतील मायलोपेरॉक्सिडेज नावाचे विकर कार्बन नलिकांचे विघटन करू शकते, आणि अशा विघटित नलिका उंदरांच्या फुप्फुसात दाह करीत नाहीत. हे विघटन किती वेगाने होते, कोणते नैसर्गिक वेष्टन त्यास साहाय्य करते व कोणते अडथळा आणते, यावर सध्या काम चालू आहे.

या संशोधनाविषयी मराठीत लिहावयाचे तर परिभाषा लागेल, आणि ती घडविताना वरील शब्दव्यवहार उपयोगी पडेल. रेणू चढवून पृष्ठाचे गुण पालटण्याच्या क्रियेस 'कार्यात्मकीकरण' असा जड शब्द अलीकडे योजला जातो. त्यापेक्षा 'पृष्ठसंस्कार' अर्थवाही आहे आणि वैद्य व रसायनज्ञ दोघांसही कळणारा आहे. वाहकास 'योगवाही' म्हणणे मात्र टाळावे. त्या शब्दास मधाच्या गुणांची जोड आहे, आणि ज्याची सुरक्षितता अद्याप सिद्ध व्हावयाची आहे अशा द्रव्यास ती आगाऊ बहाल करणे उचित नव्हे. 'औषधवाहक' हा शब्द साधा आहे, तो तूर्त पुरेसा आहे.